विहिरी वाचून जमिनीखालचा नकाशा: दख्खनच्या पठारावर खडकांचे थर आणि गाडलेली नदीपात्रं कशी शोधायची

"आमच्या विहिरीला चाळीस फुटांवर लाल माती लागली." दख्खनच्या पठारावर कुठल्याही गावात हे वाक्य ऐकायला मिळतं. शेजारचा सांगतो, त्याला पंचवीस फुटांवरच लागली. तिसरा साठ फूट गेला तरी लागली नाही. ऐकणाऱ्याला वाटतं, जमिनीखाली सगळा गोंधळ आहे. गोंधळ बहुतेक वेळा मोजण्यात असतो. तिघांनीही खोली आपापल्या बांधापासून सांगितली आणि तिघांचे बांध वेगवेगळ्या उंचीवर आहेत. तेच आकडे समुद्रसपाटीपासूनच्या उंचीत बदलले की पहिले दोन बहुधा एका पातळीवर येऊन बसतात. मग तिसरा का बसत नाही, हा कामाचा प्रश्न पुढे येतो. त्याचं उत्तर एखादं गाडलं गेलेलं नदीपात्र असू शकतं.

भूशास्त्राचे नवे विद्यार्थी, पाणलोटाचं काम करणारे कार्यकर्ते आणि गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडायला निघालेली मंडळी यांच्यासाठी हा लेख आहे. महागडी यंत्रं लागत नाहीत. मोजपट्टी, होकायंत्र, साधा आरसा, वही आणि एक संगणक एवढ्यावर निम्म्याहून जास्त काम होतं. एकच गोष्ट पहिल्या दिवसापासून अंगवळणी पाडून घ्या: वहीत नुसती खोली कधीही लिहायची नाही. खोलीच्या शेजारी त्या जागेची उंची हवीच.

आधी खाली काय आहे ते

महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून जास्त भाग काळ्या बेसॉल्ट खडकाचा आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा जमिनीच्या भेगांतून पुन्हा पुन्हा वर आला, पसरला, थंड झाला आणि त्यावर पुढचा आला. प्रत्येक प्रवाहाची स्वतःची अंगरचना असते. तळाशी पातळ सच्छिद्र पट्टा, त्यात कधी कधी बोटाएवढ्या उभ्या नळ्या. मधे घट्ट, जड, भेगांनी तुटलेला गाभा. वर पुन्हा सच्छिद्र भाग, ज्याची भोकं पुढे पांढऱ्या-हिरवट खनिजांनी भरली. विहीर खणणारे या ठिपक्याठिपक्यांच्या खडकाला मांजऱ्या म्हणतात आणि घट्ट गाभ्याला काळा फत्तर. दोन प्रवाहांच्या मधे बराच काळ गेला असेल, तर आधीच्या प्रवाहाचा माथा कुजून किंवा त्यावर राख-माती साचून तांबडा थर तयार होतो आणि वरून आलेल्या लाव्हाने तो भाजून निघतो. काही भागांत लोक त्याला गेरू म्हणतात, पुस्तकांत तो रेड बोल असतो. आपल्या कामात थरांची सीमा ओळखण्याची सगळ्यात सोपी खूण हीच.

गाडलेली नदीपात्रं ही त्यामानाने अलीकडची गोष्ट. आपल्या नद्यांनी बेसॉल्टमध्ये दऱ्या कोरल्या आणि हवामान बदललं तसा त्या दऱ्यांत गाळ भरला. पुढे नदी बाजूला सरकली किंवा पुन्हा खाली कोरत गेली आणि जुनं पात्र शेताखाली राहिलं. प्रवरेच्या काठी नेवाशाला हे थर उघडे दिसतात: तळाशी चुन्याने सांधलेली गोटे-वाळू, वर पोयटा, त्यावर काळी माती. १९५०च्या दशकात पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेवाशाला उत्खनन केलं. तिथल्या गोट्यांच्या थरांत अश्मयुगीन हत्यारं मिळाली, त्यामुळे या गाळाला मानवी इतिहासातही जागा आहे. जुन्नर तालुक्यात कुकडी नदीवर बोरी येथे गाळाच्या थरांत ज्वालामुखीच्या राखेचा पट्टा आहे. अनेक अभ्यासक तो सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीच्या सुमारे ७४,००० वर्षांपूर्वीच्या उद्रेकाचा मानतात, काहींनी तो बराच जुना ठरवला आहे. वयाचा वाद असला तरी नकाशा करणाऱ्याला असा पट्टा फार मोलाचा. राख एकाच वेळी सगळीकडे पडते, म्हणून दोन ठिकाणी तीच राख सापडली की ते दोन थर एकाच काळातले हे नक्की.

नद्यांचा गाळ लाव्हाच्या खालीही आहे. नागपूर-चंद्रपूरकडे दिसणारे लामेटा थर लाव्हा येण्याआधीच्या नद्या-तळ्यांचे आहेत आणि त्यांत डायनोसॉरचे अवशेष मिळाले आहेत. १९९३च्या किल्लारी भूकंपानंतर तिथे ६१७ मीटर खोल छिद्र घेतलं, तेव्हा ३३८ मीटर बेसॉल्टखाली सुमारे आठ मीटर गाळाचे थर लागले आणि मग जुना स्फटिकी खडक. एवढ्या खोलीचं काम नवख्याच्या हातातलं नाही. पुढचं सगळं पहिल्या ५० ते ६० मीटरबद्दल आहे.

अकोला, अमरावती, बुलढाण्याचा पूर्णेचा खारपाण पट्टा मी मुद्दाम बाजूला ठेवतो. तिथे गाळ शेकडो मीटर जाड आहे, विहिरी खडकापर्यंत पोचतच नाहीत आणि खाऱ्या पाण्यामुळे विद्युत चाचणीचे आकडे फसवतात. पहिला नकाशा तिथे करायला घेऊ नका.

पायरी १: छोटा तुकडा निवडा

एक ओढा, त्याचं पाणलोट, पाच ते दहा चौरस किलोमीटर. यापेक्षा मोठं घेतलं की विहिरी विरळ पडतात आणि मधली जागा कल्पनेने भरावीशी वाटते. निवडताना दोन गोष्टी पाहा. एका बाजूला टेकडी किंवा घाट हवा, म्हणजे थर उघडे दिसतील. दुसऱ्या बाजूला नदीकाठ हवा, म्हणजे गाळही सापडेल. पुणे, अहिल्यानगर, नाशिक आणि सातारा जिल्ह्यांच्या पूर्व भागात अशा जागा भरपूर आहेत.

सर्व्हे ऑफ इंडियाचे १:५०,००० चे नकाशे त्यांच्या संकेतस्थळावर मिळतात. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या भूकोश पोर्टलवर खडकांचे नकाशे आहेत. गटांच्या हद्दी महाभूनकाशावर दिसतात. हे सगळं क्यूजीआयएस या मोफत प्रणालीत एकावर एक ठेवता येतं. सरकारी खडकनकाशा आधी बघा, पण तो आपल्या गावापुरता तपशील देईल असं धरू नका. गावाच्या पातळीवरची सीमा आपल्यालाच आखायची आहे.

पायरी २: टेकडीवरून सुरुवात

विहिरीआधी घाट बघायचा. विहिरीत थर तुकड्यातुकड्यांनी दिसतो, घाटाच्या कापात सलग. रस्त्याच्या कापाजवळ उभं राहून आधी लांबून पाहा. उभा कडा, मग सपाट पायरी, मग पुन्हा कडा. कडा म्हणजे घट्ट गाभा, पायरी म्हणजे झिजलेला सच्छिद्र माथा. आपल्या किल्ल्यांच्या माच्या बहुतेक अशाच पायऱ्यांवर बसल्या आहेत. पायरीच्या मागे, पुढच्या कड्याच्या पायथ्याशी तांबडी रेघ दिसते का ते शोधा. उन्हाळ्यात तिच्या आसपास ओल, हिरवळ किंवा झरा असेल तर खूण पक्की होत जाते, कारण वरून झिरपलेलं पाणी या चिकट थरावर अडून बाजूला फुटतं.

आता जवळ जा. रेघेच्या वर सच्छिद्र तळ आणि खाली मांजऱ्या माथा असेल तर ती दोन प्रवाहांची सीमा. नुसता तांबडा रंग पुरेसा नाही. भेगांतून पाणी मुरून खडक तांबूस होतो, मुरूमही लाल असतो. तळाच्या नळ्या सापडल्या तर उत्तमच, त्या प्रवाहाच्या तळाशीच तयार होतात.

इथे बरेच नवखे अडखळतात. सह्याद्रीच्या आणि पुणे-नाशिक परिसराच्या मोठ्या भागात लाव्हा एकसंध चादरीसारखा न येता छोट्या-छोट्या जिभांनी आला. अशा खडकात दर दोन-चार मीटरला सच्छिद्र पट्टा दिसतो. प्रत्येक पट्ट्याला नवा प्रवाह म्हणून क्रमांक दिलात तर नकाशा दोन दिवसांत हाताबाहेर जाईल. जिभांच्या आतल्या सीमा तुटक रेघेने दाखवा. जी सीमा निदान अर्धा किलोमीटर सलग जाते, तिलाच नाव द्या.

तांबड्या थराशिवाय आणखी एक भरवशाची खूण काही भागांत मिळते: फेल्डस्पार या खनिजाचे मोठमोठे, काही सेंटिमीटर लांबीचे पांढरट स्फटिक असलेला बेसॉल्ट. कसारा घाटात आणि मंचरच्या परिसरात असे थर आहेत. एकदा डोळ्याने ओळखला की तो दुसऱ्या टेकडीवरही ओळखू येतो, आणि दूरवरचे थर जोडायला यासारखी खूण नाही.

पायरी ३: उंचीचा हिशोब

फोनमधली उंची थेट वापरू नका. एक तर ती सहज दहा-पंधरा मीटर इकडेतिकडे होते. दुसरं म्हणजे काही ॲप समुद्रसपाटीपासूनची उंची न देता उपग्रहांच्या गणिती गोलकापासूनची देतात आणि आपल्याकडे या दोहोंत साधारण ६० मीटर किंवा त्याहून जास्त फरक पडतो. एकाने एक ॲप वापरलं, दुसऱ्याने दुसरं, तर दोन शेजारच्या विहिरींमध्ये नसलेला भ्रंश, म्हणजे थर तुटून वर-खाली सरकल्याची जागा, उभा राहील.

मोफत मिळणारे ३० मीटर अंतराचे उंचीचे आराखडे टेकडी आणि दरी समजायला चांगले आहेत. विहिरींची तुलना करायला मात्र ते कमी पडतात, त्यांतही काही मीटरची चूक असते आणि झाडी-घरं उंचीत मिसळतात. सगळ्यात चांगलं म्हणजे गावातली एक न हलणारी जागा, उदाहरणार्थ देवळाची पायरी, आधार म्हणून धरायची आणि तिथून ऑटो लेव्हल या उंचीतला फरक मोजणाऱ्या दुर्बिणीने विहिरींच्या काठांच्या उंच्या काढायच्या. ऑटो लेव्हल मिळत नसेल तर पाणलोटाच्या कामात वापरतात ते हायड्रोमार्कर किंवा गवंड्याची पाण्याची पारदर्शक नळी चालते. वेळ लागतो, पण जवळच्या विहिरींसाठी अचूकता फार चांगली मिळते. देवळाच्या पायरीची खरी उंची नंतर नकाशातल्या जवळच्या नोंदवलेल्या उंचीशी जोडून घ्या. ती लगेच नाही जुळली तरी काम अडत नाही, कारण आपल्याला आधी विहिरींमधले फरक हवे आहेत.

पायरी ४: विहीर वाचणं

एप्रिल-मे हा हंगाम. पाणी खाली गेलेलं असतं आणि भिंती उघड्या असतात. दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान जा. काठावर उभं राहून आरशाने उन्हाचा कवडसा विहिरीच्या भिंतीवर टाका आणि तो हळूहळू खाली सरकवा. बॅटरीच्या उजेडात जे दिसत नाही ते या कवडशात स्पष्ट दिसतं: काळ्या मातीचा शेवट, मुरमाची सुरुवात, मांजऱ्यातले पांढरे ठिपके, घट्ट फत्तराच्या उभ्या भेगा, तांबडी रेघ आणि तिच्या डोक्यावरून पाझरणारा झरा. मोजपट्टीच्या टोकाला वजन बांधून ती भिंतीलगत सोडा. दुसरा माणूस कवडसा धरेल आणि तुम्ही प्रत्येक बदलाची खोली वाचा. झरा कोणत्या अंगाने येतो ते होकायंत्राने लिहा.

विहिरीत उतरायचं नाही. वापरात नसलेल्या विहिरीत तळाशी प्राणवायू कमी असू शकतो आणि दिवा पेटता राहिला म्हणजे हवा सुरक्षित, हा भरवसा खरा नाही. जुन्या विहिरींचे काठही आतून पोखरलेले असतात. काठाजवळ एकट्याने वाकू नका.

ज्या विहिरींना बांधकाम आहे तिथे भिंत दिसत नाही. मग मालकाला विचारा आणि शक्य असेल तर ज्यांनी ती खणली त्यांना शोधा. सुरुंग लावणाऱ्या माणसाला कुठे दारू जास्त लागली आणि कुठे पहारीनेच काम झालं हे वर्षानुवर्षं आठवतं. घट्ट आणि मऊ थरांची यापेक्षा चांगली नोंद क्वचित मिळते. खोली परसात सांगितली तर फुटांत विचारून घ्या, परसाचं माप गावागणिक बदलतं. आणि विहिरीशेजारचा खणून टाकलेला ढिगारा चाळायला विसरू नका. त्यात मांजऱ्याचे, गेरूचे तुकडे असतात. वाहत्या पाण्याने गोल झालेले गोटे मिळाले तर लगेच नोंद करा.

बोअरवेलचं गणित वेगळं. हवेच्या दाबाने वर येणारा चुरा दर दहा फुटांना वेगळा ठेवायला सांगितलं तर उत्तम, पण बोअर चालू असताना तुम्ही तिथे असणं क्वचितच जमतं. त्यासाठी एक साधी वाट आहे: बोअरचं बिल. केसिंग पाइपाचे पैसे फुटांवर घेतात, म्हणून बिलावर किती फूट केसिंग टाकलं ते लिहिलेलं असतं. केसिंग सैल भाग संपून पक्का खडक लागेपर्यंत टाकतात. म्हणजे बिलावरचा तो आकडा मातीचा, मुरमाचा आणि गाळाचा मिळून जाडीचा अंदाज देतो. एका शिवारात बहुतेकांचं केसिंग वीस फूट आणि एका ओळीतल्या चार बोअरना साठ-सत्तर फूट असेल, तर त्या ओळीवर लक्ष ठेवा.

पायरी ५: आकडे ओळीत लावा

हे उदाहरण समजुतीसाठी रचलेलं आहे, पण प्रत्यक्षात वही अशीच दिसते. टेकडीकडून नदीकडे जाणाऱ्या ओळीत पाच विहिरी आहेत. पहिलीची जमीन ५८२.० मीटर, तांबडा थर १४.२ मीटरवर. दुसरीची ५७४.५, थर ७.० वर. तिसरीची ५७१.० आणि थर ३.६ वर. वजाबाकी करा: ५६७.८, ५६७.५, ५६७.४. खोल्या चौदा, सात आणि साडेतीन होत्या, उंची मात्र जवळपास एकच निघाली. हा एकच थर आहे आणि तो अगदी किंचित कललेला आहे.

चौथ्या विहिरीची जमीन ५६९.५. हिशोबाने तांबडा थर दोन-सव्वादोन मीटरवर लागायला हवा. प्रत्यक्षात तीन मीटर काळी माती, सात मीटरपर्यंत पोयटा, साडेअकरा मीटरपर्यंत वाळू आणि गोटे, मग एकदम काळा फत्तर, म्हणजे ५५८.० वर. पाचव्या विहिरीची जमीन ५७३.० आणि तांबडा थर पुन्हा ५.८ वर, म्हणजे ५६७.२. दोन्ही बाजूंना थर आपल्या जागी आहे आणि मधेच तो कापला गेला आहे. नदीने तांबडा थर तोडून खालच्या प्रवाहात नऊ मीटर कोरलं आणि मग ते पात्र भरलं. आजची नदी अर्धा किलोमीटर लांब वाहत असेल, तरी हे तिचंच किंवा तिला मिळणाऱ्या ओढ्याचं जुनं पात्र.

घाई मात्र करू नका. तांबडा थर नुसता पातळ होत संपलाही असू शकतो, तो सगळीकडे सलग नसतोच. तसं असेल तर चौथ्या विहिरीत मांजऱ्या आणि त्यावर लगेच वरच्या प्रवाहाचा तळ दिसला असता, वाळू-गोटे नव्हे. ती जागा बुजवलेली जुनी विहीर किंवा खाण असेल तर भरावात थर नसतात, सगळं मिसळलेलं असतं. गोल गोटे तळाशी, वाळू त्यावर आणि बारीक गाळ सगळ्यात वर, हा क्रम वाहत्या पाण्याचा असतो.

थरांच्या कलाबद्दल एक आकडा लक्षात ठेवा. दख्खनचे थर बहुतेक ठिकाणी एक अंशापेक्षा कमी कललेले आहेत. अर्धा अंश कल म्हणजे एका किलोमीटरला सुमारे ८.७ मीटर. म्हणून दोन किलोमीटर अंतरावरच्या दोन विहिरींत थर १७ मीटर खालीवर असला तरी भ्रंश आहे असं होत नाही. शंभर मीटरच्या आत अशी उडी दिसली तर मात्र विचार करा. आधी उंची पुन्हा मोजा, मग तिथे डाइक आहे का ते पाहा. थरांना छेदून उभ्या भिंतीसारखा गेलेला बेसॉल्टचा पट्टा म्हणजे डाइक. विहिरीची एक भिंत एका खडकाची आणि समोरची दुसऱ्याच खडकाची असेल, आणि भेगा आडव्या असतील, तर बहुधा तोच. धुळे-नंदुरबारकडे डाइक इतके आहेत की त्यांना सोडून नकाशा होतच नाही.

पायरी ६: वरून पाहणं

सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांची १० मीटर तपशिलाची चित्रं मोफत मिळतात. रब्बी संपताना, मार्च-एप्रिलमधली चित्रं घ्या आणि वनस्पतींचा हिरवेपणा दाखवणारा निर्देशांक काढा. गाडलेल्या पात्रात ओल जास्त टिकते, म्हणून आजूबाजूची शिवारं वाळली तरी एक नागमोडी पट्टा हिरवा राहतो. निदान चार-पाच वर्षांची चित्रं एकमेकांशेजारी ठेवा. जो पट्टा दरवर्षी त्याच जागी येतो तोच धरा.

फसवणाऱ्या गोष्टी बऱ्याच आहेत: कालव्याची गळती, उसाचे गट, जुनी गाडीवाट, पाइपलाइन, पाझर तलावाखालची ओल. सरळ रेघ दिसली की ती माणसाची आहे असंच आधी समजा. मग गावात जा. मळई म्हणून ओळखली जाणारी शेतं आजच्या नदीपासून लांब असतील तर त्यांची रांग नकाशावर टाका. पावसाळ्यात कुठल्या शेतात पाणी साचतं, कुठे विहीर खणताना वाळू ढासळली, हे वयस्कर माणसं अचूक सांगतात. पाणाड्यालाही विचारा. काठी किंवा नारळ फिरला हा पुरावा म्हणून धरू नका, पण कोणत्या बांधावर कोणती झाडं भर उन्हाळ्यात तग धरतात हे त्याने आयुष्यभर पाहिलेलं असतं, ते ऐकण्यासारखं असतं.

पायरी ७: विद्युत चाचणी, आणि तिच्या मर्यादा

सगळी ओळ लागल्यावरच विद्युत रोधकता, म्हणजे जमीन विजेला किती अडवते ते, मोजायची वेळ येते. ही चाचणी एखाद्या महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागाच्या किंवा जाणकार संस्थेच्या मदतीने करा. जमिनीत चार सळया एका रेषेत ठोकतात, बाहेरच्या दोन सळयांतून वीज सोडतात आणि आतल्या दोन सळयांमधला दाब मोजतात. बाहेरच्या सळया लांब नेल्या तसं खोलवरचं कळत जातं. ढोबळ मानाने दोन टोकांतलं अंतर २०० मीटर असेल तर चाळीस-पन्नास मीटरपर्यंतची कल्पना येते. काळी चिकण माती अगदी कमी आकडे देते, दहा ओहम-मीटरच्या आत. गोड्या पाण्याने भरलेली वाळू त्याहून जास्त. घट्ट फत्तर शंभर-दोनशेच्या पुढे जातो. मांजऱ्या आणि कुजलेला खडक या दोन टोकांच्या मधे कुठेतरी असतात आणि त्यांचे आकडे वाळूच्या आकड्यांत मिसळतात. म्हणूनच ही चाचणी एकटी काही ठरवू शकत नाही.

पहिलं मापन नेहमी अशा विहिरीशेजारी घ्या जिचे थर तुम्ही डोळ्यांनी पाहिले आहेत. तिथले आकडे हीच तुमच्या शिवाराची पट्टी. नंतर संशयित पात्राला काटकोनात आडवी ओळ टाका, ठरावीक अंतराने सारखंच मापन घ्या आणि फत्तराचा मोठा आकडा कुठे खाली जातो ते शोधा. ठिबकच्या लाइन, तारेचं कुंपण, पाइपलाइन आणि विजेच्या तारांपासून लांब राहा.

हेही स्पष्ट समजून घ्या: तीस मीटर खाली असलेला एक मीटर जाडीचा तांबडा थर या चाचणीत दिसत नाही. वरच्या जाड थरांत तो लपतो. कोणी आलेखावरून "इथे ३२ मीटरवर गेरू आहे" असं छातीठोक सांगत असेल, तर जवळच्या विहिरीचा पुरावा मागा.

पायरी ८: रेखाटन

आडवा छेद आधी काढा, नकाशा नंतर. कागदावर आडवं अंतर १ सेंटिमीटरला १०० मीटर आणि उभं १ सेंटिमीटरला १० मीटर धरलं तर थर नीट उलगडतात. उभं प्रमाण दहापट ताणलेलं आहे हे कोपऱ्यात लिहा, नाहीतर पाहणाऱ्याला अर्ध्या अंशाचा कल डोंगराच्या उताराएवढा वाटेल. डोळ्याने पाहिलेली सीमा सलग रेघेने, दोन विहिरींच्या मधे अनुमानाने जोडलेली तुटक रेघेने, आणि जिथे काहीच माहिती नाही तिथे प्रश्नचिन्ह. हे प्रश्नचिन्ह पुसून टाकायचा मोह फार होतो, विशेषतः नकाशा कोणाला दाखवायचा असला की. ते राहू द्या, पुढच्या उन्हाळ्यात कुठे जायचं ते त्यावरूनच ठरतं.

निदान तीन समांतर छेद झाल्यावर गाडलेल्या पात्राचे तुकडे नकाशावर टाका. पात्राच्या तळाची उंची एका छेदाकडून दुसऱ्याकडे खाली उतरत गेली पाहिजे. ती मधेच वर चढली तर दोन वेगळी पात्रं तुम्ही एक समजून जोडली आहेत, किंवा एखादी उंची चुकली आहे. वही उघडा आणि आधी उंची तपासा.

नकाशा कोणाला द्यायचा

विहिरींच्या मालकांना त्यांच्या विहिरीचा छेद छापून द्या आणि ग्रामपंचायतीत पूर्ण संच ठेवा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयाकडे निरीक्षण विहिरींच्या पाणीपातळीच्या नोंदी असतात, त्यांच्याशी तुमचा नकाशा ताडून पाहता येतो. पुनर्भरणाचा खड्डा मांजऱ्यावर घ्यायचा की फत्तरावर वाया घालवायचा, हे या छेदावरून ठरवता येतं. गाडलेल्या पात्रावर गावतळं घेतलं तर ते पाणी धरणार नाही, पण खालच्या विहिरींना उभारी देईल, हेही आधीच सांगता येतं.

वाळूच्या थरांची जागा आणि जाडी दाखवणारा तपशील मात्र सगळीकडे पसरवू नका. शेताखालची ती वाळू म्हणजे गावाचं साठवलेलं पाणी आहे आणि बेकायदा उपसा करणारे अशीच माहिती शोधत असतात. सार्वजनिक नकाशात पात्राची दिशा पुरेशी आहे.

गोट्यांच्या सांधलेल्या थरात धारदार कडा काढलेला दगड किंवा जड झालेलं हाड दिसलं तर ते उपसून खिशात घालू नका. गोदावरीच्या जुन्या गाळात रानबैल आणि हत्ती यांचे अवशेष मिळालेले आहेत. कोणत्या थरात, किती उंचीवर ते होतं हे गेलं की त्या वस्तूचं अर्धं मोल गेलं. जागेवरच शेजारी मोजपट्टी ठेवून छायाचित्र घ्या, उंची लिहा, आणि राज्य पुरातत्त्व विभागाला किंवा पुण्याच्या डेक्कन कॉलेजला कळवा.